ट्रॅक्टरच्या जीपीएसला करेक्शन कोणते घ्यावे?

ट्रॅक्टरवर जीपीएस बसवायचा म्हटले की विक्रेता आधी पडदा दाखवतो, मग स्टेअरिंगची मोटर. करेक्शनचा विषय दरपत्रकात शेवटी एका ओळीत येतो. सरी किती सरळ येईल आणि पुढच्या वर्षी ट्रॅक्टर त्याच सरीवर परत येईल का, हे मात्र त्या एका ओळीवर ठरते. म्हणून निवडीची सुरुवात तिथूनच करावी.

नुसत्या जीपीएसची जागा साधारण २ ते ५ मीटरने चुकते. उपग्रहाच्या कक्षेतला आणि घड्याळातला थोडा फरक, शिवाय आयनांबरातून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातून) येताना सिग्नलला लागणारा उशीर, ही त्याची मुख्य कारणे. हा फरक कोणीतरी दुसरीकडे मोजून ट्रॅक्टरवरच्या रिसीव्हरला सतत कळवत राहतो, त्यालाच करेक्शन म्हणतात. तो कुठून मोजला जातो आणि कोणत्या वाटेने पोचतो, यावरून त्याचे प्रकार पडतात.

पायरी १ : परत त्याच ओळीवर यायचे आहे का, ते ठरवा

माहितीपत्रकात अचूकतेचे दोन वेगळे आकडे असतात आणि नवखा माणूस इथेच फसतो. पहिला आकडा फेरीला लागून फेरी घेताना येणाऱ्या फरकाचा, म्हणजे एका फेरीनंतर साधारण १५ मिनिटांच्या आत शेजारची फेरी घेतली तर दोघींत किती फरक पडेल याचा. दुसरा आकडा आठवड्याने, महिन्याने किंवा वर्षाने त्याच ओळीवर परत आल्यावर किती फरक पडेल याचा. जाहिरातीत ठळक छापलेला आकडा बहुधा पहिला असतो. '१५ सेंमी' लिहिलेले करेक्शन दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्या ओळीपासून अर्धा मीटर ते मीटरभर दूर गेलेले असू शकते. त्यात यंत्राचा दोष नसतो. त्या करेक्शनची कुवतच तेवढी असते.

आता आपली कामे या दोन आकड्यांसमोर ठेवून पाहा. शेणखत पसरणे, खत फेकणे, रोटाव्हेटर, नांगरट, बूमने फवारणी ही कामे एकदा सुरू केली की संपवूनच उठायचे असते. तिथे पहिला आकडा पुरतो. १२ मीटरच्या बूमला ३० सेंमी दुबार पडले तर नुकसान अडीच टक्के. पण ५ फुटी रोटाव्हेटरला २० सेंमी दुबार पडले तर १३ टक्के डिझेल आणि वेळ वाया जातो. म्हणून अवजार जितके अरुंद, तितके चांगले करेक्शन हवे.

उसाची सरी सोडणे, जोडओळ पट्टा पद्धत, सोयाबीनची रुंद वरंबा सरी, जमिनीखाली ठिबकची नळी गाडणे या कामांना दुसरा आकडा लागतो, आणि तोही २ ते ३ सेंमीचा. आज सरी सोडली, आठवड्याने लागण झाली, दोन महिन्यांनी भर लावायची, पुढे खोडव्यात बगला फोडायच्या. नळी गाडलेल्या रानात सबसॉयलर २० सेंमी सरकला तर नळी तुटते. इथे आरटीकेशिवाय, म्हणजे जवळच्या कायम बसवलेल्या रिसीव्हरवरून (बेस) येणाऱ्या सेंटिमीटरच्या करेक्शनशिवाय, दुसरा विचार करू नये.

पायरी २ : चार प्रकार समजून घ्या

पहिला प्रकार फुकटच्या उपग्रहीय करेक्शनचा, ज्याला एसबीएएस म्हणतात. भारतात ही सेवा 'गगन' नावाने इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने विमानांसाठी उभी केली. जीसॅट-८, जीसॅट-१० आणि जीसॅट-१५ या उपग्रहांवरून ती येते. वर्गणी नाही, सिमकार्ड नाही. लागून घेतलेल्या फेऱ्यांत १५ ते ३० सेंमी आणि दिवसागणिक मीटरच्या घरात, इतकी तिची कुवत. परदेशी बनावटीच्या रिसीव्हरमध्ये एसबीएएसच्या जागी अमेरिकेची 'वास' किंवा युरोपची 'एग्नॉस' आधीच निवडलेली असते आणि मग करेक्शन येतच नाही. मेनूत जाऊन 'गगन' निवडा. नाव दिसत नसेल तर उपग्रह क्रमांक १२७, १२८ आणि १३२ चालू करा.

दुसरा प्रकार वर्गणीच्या उपग्रहीय सेवांचा, म्हणजे पीपीपीचा. जॉन डिअरचे एसएफ-३, ट्रिंबलचे सेंटरपॉइंट आरटीएक्स आणि नोव्हाटेलचे टेरास्टार-सी प्रो ही यातली वरच्या दर्जाची नावे. त्यांची अचूकता २.५ ते ३ सेंमीच्या आसपास सांगितली जाते. बेस नको, मोबाइलची रेंज नको. अडचण एकच. चालू केल्यावर पूर्ण अचूकता यायला वेळ लागतो. सेवा आणि रिसीव्हर यांप्रमाणे तो एखाद्या मिनिटापासून अर्ध्या तासापर्यंत असतो. झाडाखाली सिग्नल तुटला तर ही वाट पुन्हा पाहावी लागते. चाळीस एकरांच्या सलग रानात हे चालून जाते. भाड्याने ट्रॅक्टर चालवणाऱ्याला दिवसात पाच ठिकाणी एकेक एकर करायचे असेल, तर प्रत्येक बांधावर हा वेळ मोजावा लागतो. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांवरून २४ जानेवारी २०२३ पासून सुरू झालेली 'हाय अ‍ॅक्युरसी सर्व्हिस' फुकट आहे आणि तिचे लक्ष्य २० सेंमीचे आहे. मात्र त्यासाठी ई-६ ही लहर (फ्रिक्वेन्सी) ऐकणारा रिसीव्हर लागतो.

तिसरा प्रकार स्वतःच्या बेसवरचे आरटीके. घराच्या गच्चीवर एक रिसीव्हर कायमचा बसवायचा आणि त्याचे मोजमाप रेडिओने किंवा इंटरनेटने ट्रॅक्टरला द्यायचे. चूक साधारण १ सेंमी, शिवाय बेसपासूनच्या प्रत्येक किलोमीटरला १ मिमीची भर. कागदावर ३० किमीवरही चालेल असे दिसते, पण आपल्याकडचे आयनांबर अस्थिर असल्याने १० ते १५ किमीच्या आत राहावे. त्यापुढे आकडा वाढतो आणि फिक्स (सेंटिमीटरपर्यंत पक्की झालेली जागा) मिळायलाही उशीर लागतो.

चौथा प्रकार नेटवर्क आरटीके. बेस दुसऱ्याचा, वाट मोबाइल इंटरनेटची. भारतीय सर्वेक्षण विभागाने देशभर कायमस्वरूपी केंद्रे उभारली आहेत. महाराष्ट्रात अशी ७७ केंद्रे आहेत आणि भूमी अभिलेख विभागाची रोव्हरने (सोबत घेऊन फिरायच्या रिसीव्हरने) होणारी मोजणी त्यांवरच चालते. नोंदणी करून तीच सेवा ट्रॅक्टरसाठी वापरता येते. ज्याच्या शिवारात मोबाइलची रेंज पक्की आहे आणि ज्याला बेस सांभाळायचा नाही, त्याने आधी हाच पर्याय आजमावावा.

पायरी ३ : करेक्शन घेण्याआधी शिवार फिरून या

खिशात दोन कंपन्यांचे मोबाइल घ्या आणि रानाच्या चारही कोपऱ्यांत, विहिरीजवळ, ओढ्याच्या खोलगट भागात इंटरनेट चालते का ते पाहा. कांड्या दिसणे पुरेसे नाही. एखादे पान उघडून बघा. करेक्शनला डेटा फार लागत नाही, तासाला ३ ते ४ एमबी पुरतो. पण तो दर सेकंदाला पोचला पाहिजे. दहा-वीस सेकंदांची खंड पडू लागली की फिक्स जातो.

मग आकाश पाहा. गगन आणि वर्गणीच्या पीपीपीचे उपग्रह विषुववृत्तावर स्थिर असतात, म्हणून ते आपल्याला दक्षिणेच्या आकाशात दिसतात. गगनचे उपग्रह महाराष्ट्रातून ५५-६० अंशांच्या वर असल्याने थोडीफार झाडे चालतात. तरी बांधाच्या कडेची चिंच, आंबा किंवा कडुलिंबाची रांग ट्रॅक्टरच्या दक्षिणेला येत असेल, तर त्या कडेच्या दोन-तीन फेऱ्यांत करेक्शन तुटणार हे धरून चाला. आरटीकेला ही दक्षिणेची अट नाही, पण दाट झाडाखाली तेही टिकत नाही. मोठी झाडे असलेल्या कडेच्या फेऱ्या हाताने घ्यायच्या हे आधीच ठरवले तर ड्रायव्हरची धांदल होत नाही.

पायरी ४ : रिसीव्हर ते करेक्शन ऐकू शकतो का

वर्गणी भरण्याआधी चार गोष्टी लेखी विचारा. रिसीव्हर दोन लहरींचा आहे का? एकाच लहरीचा असेल तर आरटीके पाच-सात किलोमीटरपलीकडे भरवशाचे राहत नाही आणि फिक्सलाही वेळ लागतो. पीपीपीसाठी एल-बँड (ते करेक्शन उपग्रहावरून ज्या लहरींनी येते त्या) ऐकण्याची सोय आहे का? आरटीके उघडण्यासाठी वेगळा कोड विकत घ्यावा लागतो का? बऱ्याच यंत्रांत सामान आतच असते, पण कुलूपबंद. चौथी गोष्ट म्हणजे आरटीसीएम ३ ही खुली भाषा समजते का. एकाच कंपनीची भाषा समजणारा रिसीव्हर सरकारी केंद्रावर किंवा शेजाऱ्याच्या बेसवर चालणार नाही.

झोल भरून काढणारा सेन्सर आहे की नाही, हेही इथेच पाहा. टपावरची अँटेना जमिनीपासून ३ मीटर उंच धरली आणि ट्रॅक्टर फक्त १ अंशाने कलला, तरी अँटेना ५ सेंमी बाजूला जाते. एक चाक सरीत आणि दुसरे वरंब्यावर असताना ५ अंशांचा कल सहज येतो, म्हणजे २६ सेंमी. हा सेन्सर नसेल तर आरटीकेचे पैसे वाया जातात, कारण करेक्शन अचूक असूनही सरी वाकडी येते.

पायरी ५ : बेस बसवायचा असेल तर

अँटेनेसाठी पक्क्या स्लॅबची गच्ची निवडा. पत्र्याची शेड उन्हाने आणि वाऱ्याने हलते, लाकडी खांब पावसाळ्यात फुगतो. कठड्याला दोन क्लॅम्प मारून दोन इंची जीआय पाइप उभा करा. अँटेना कठडा, पाण्याची टाकी आणि सौर पॅनेल यांच्या वर आली पाहिजे. क्षितिजापासून १०-१५ अंशांच्या वरचे आकाश चहूबाजूंनी मोकळे हवे. छोट्या अँटेनेखाली किमान १० सेंमी व्यासाची धातूची तबकडी ठेवा, नाहीतर स्लॅबवरून परावर्तित झालेला सिग्नल मोजमाप बिघडवतो. केबल शक्य तितकी आखूड, वीजरोधक आणि अर्थिंग पक्के, आणि लोडशेडिंग निभावेल इतकी बॅटरी.

आता सगळ्यात महत्त्वाचे काम, बेसची जागा ठरवणे. रिसीव्हरमध्ये 'सर्व्हे-इन' नावाची सोय असते. काही मिनिटांची सरासरी काढून तो स्वतःची जागा ठरवतो. त्या जागेत मीटरभराची चूक असते. एका दिवसाच्या कामाला त्याने बिघडत नाही, कारण बेस आणि ट्रॅक्टर यांच्यातले अंतर तरीही अचूक असते. पण वीज गेली, बेस पुन्हा चालू झाला आणि त्याने पुन्हा सर्व्हे-इन केले, तर नवी जागा जुन्यापासून मीटरभर दूर येते. त्याबरोबर डिस्प्लेत साठवलेल्या सगळ्या ओळी रानात तेवढ्याच सरकतात. पडद्यावर 'फिक्स' हिरवेगार दिसत राहते, आणि गाडलेली नळी तुटल्यावरच चूक कळते.

म्हणून असे करा. बेसवर सलग २४ तासांचे कच्चे मोजमाप नोंदवा आणि त्याची रायनेक्स (कच्च्या मोजमापाच्या सर्वमान्य स्वरूपातली) फाइल तयार करा. ऑस्ट्रेलियाची ऑसपॉस किंवा कॅनडाची सीएसआरएस-पीपीपी या दोन्ही सरकारी सेवा फुकट आहेत. फाइल चढवली की ईमेलने अक्षांश, रेखांश आणि उंची येते. तो आकडा बेसमध्ये 'फिक्स्ड' म्हणून भरा आणि सर्व्हे-इन बंद करा. तोच आकडा वहीत लिहा आणि बेसच्या डब्याच्या झाकणावरही चिकटवा. बेस बदलला, अँटेना बदलली, तरी पाइपाची जागा आणि उंची तीच असेल तर तोच आकडा पुन्हा वापरायचा.

ट्रॅक्टरपर्यंत करेक्शन रेडिओने न्यायचे असेल तर आयात केलेल्या संचाकडे नीट पाहा. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचे रेडिओ सर्रास चालतात. आपल्याकडे त्या पट्ट्यात मोबाइल सेवा आहे, त्यामुळे ते वापरता येत नाहीत. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झमध्ये ठरवून दिलेल्या शक्तीपर्यंत परवाना लागत नाही. तो रेडिओ घ्या. यूएचएफचा मोठा रेडिओ हवा असेल तर दूरसंचार विभागाचा परवाना काढावा लागतो. कमी शक्तीच्या रेडिओवर डेटा कोंबू नका. आरटीसीएमचा संदेश १००५ (बेसची जागा) दर दहा सेकंदांनी आणि १०७४, १०८४, १०९४, ११२४ हे (उपग्रहांची मोजमापे) दर सेकंदाला पुरतात. ग्लोनास (रशियाचे उपग्रह) वापरत असाल तर १२३० जोडा. १०७७च्या मालिकेतले लांब संदेश रेडिओ तुंबवतात आणि मग करेक्शन उशिरा पोचते.

पायरी ६ : इंटरनेटवरून जोडणी

डिस्प्लेच्या एनट्रिप (इंटरनेटवरून करेक्शन आणण्याची पद्धत) पानावर पाच गोष्टी भराव्या लागतात. सर्व्हरचा पत्ता, पोर्ट (बहुधा २१०१), माउंटपॉइंट (सर्व्हरवरच्या हव्या त्या करेक्शनचे नाव), वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड. माउंटपॉइंटची यादी 'सोर्स टेबल' मागवल्यावर दिसते. नाव हाताने टाइप न करता यादीतून निवडा, कारण लहान-मोठ्या अक्षरांचा फरकही चालत नाही. नेटवर्क सेवेत सर्व्हरला ट्रॅक्टर कुठे आहे ते कळावे लागते. त्यासाठी 'जीजीए पाठवा' हा पर्याय चालू ठेवा. जीजीए म्हणजे रिसीव्हर स्वतःची जागा आणि तिचा दर्जा सांगतो तो संदेश. जोडणी झालेली दिसते पण डेटा शून्य, असे झाले तर दहातल्या नऊ वेळा हा पर्याय बंद असतो. बहुतेक सेवांत एका लॉगिनवर एका वेळी एकच यंत्र चालते. तेच लॉगिन दुसऱ्या ट्रॅक्टरवर टाकले की दोघेही आळीपाळीने तुटतात.

पडद्यावर जीजीएचा दर्जा बघायची सवय ड्रायव्हरला लावा. १ म्हणजे करेक्शन नाही, २ म्हणजे गगनसारखे साधे करेक्शन, ५ म्हणजे फ्लोट (आरटीके आहे, पण जागा अजून पक्की नाही) आणि ४ म्हणजे फिक्स. सरी सोडायची ती ४ वरच. फ्लोटमध्ये चूक २० सेंमी ते अर्धा मीटर असू शकते, आणि ती एका बाजूला हळूहळू वाहत जात असल्याने डोळ्याला लगेच कळत नाही.

पायरी ७ : दोन खुंट्यांची तपासणी

रानात सपाट जागा निवडा आणि अ ते ब अशी ५० मीटरची ओळ आखा. ट्रॅक्टर अ कडून ब कडे आपोआप चालवा, मध्यावर थांबवा, मागच्या ड्रॉबारच्या पिनेखाली ओळंबा सोडून खुंटी ठोका. वळून त्याच ओळीवर उलट दिशेने या, त्याच ठिकाणी थांबा, दुसरी खुंटी ठोका. दोन खुंट्यांमधले आडवे अंतर मोजा. हे अंतर प्रत्येक वेळी तेवढेच आणि त्याच बाजूला येत असेल, तर करेक्शनला दोष देऊ नका. अँटेना मध्यावर नाही, किंवा झोल सेन्सरचा शून्यबिंदू चुकला आहे. आधी झोल सेन्सर कॅलिब्रेट करा. मग उरलेल्या अंतराचे निम्मे करून अँटेना ऑफसेटमध्ये भरा आणि पुन्हा तपासा. अंतर दर वेळी वेगळे येत असेल, तर तो करेक्शनचा दोष. हीच तपासणी १५ मिनिटांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खुंट्यांवर केली की दोन्ही आकडे तुमच्या स्वतःच्या रानात मोजून मिळतात. वर्गणीआधी चाचणीची मुदत मिळत असेल तर ती यासाठीच वापरा.

ट्रॅक्टर बरोबर ओळीवर असूनही अवजार उताराकडे घसरत असेल, तर कोणतेही करेक्शन ते थांबवणार नाही. आधी लोअर लिंकच्या साखळ्या ताणा.

एका ओळीवर दोन करेक्शन मिसळू नका

भारतीय भूपट्ट दरवर्षी सुमारे ५ सेंमी ईशान्येकडे सरकतो आणि आपले रान त्याच्यासोबत जाते. स्वतःच्या बेसला यामुळे काही फरक पडत नाही, कारण बेसही रानासोबतच सरकतो आणि त्याचा भरलेला आकडा तोच राहतो. पीपीपी मात्र साधारणपणे त्या-त्या दिवसाची जागा जागतिक चौकटीत (रानासोबत न सरकणाऱ्या मापात) देते. पीपीपीवर नळी गाडली आणि तीन वर्षांनी त्याच साठवलेल्या ओळीवर सबसॉयलर घातला, तर सेवा अगदी निर्दोष चालूनही १५ सेंमीचा फरक निघतो. काही डिस्प्लेंत ही सरक वजा करण्याची सोय असते, ती आहे का ते विचारा. सर्वेक्षण विभागाचे केंद्र, तुमचा बेस आणि पीपीपी यांच्या चौकटी एकमेकांशी जुळतीलच असे नाही. ओळ ज्या करेक्शनवर आखली, पुढची कामे त्याच करेक्शनवर करा. डिस्प्लेत ओळीला नाव देताना करेक्शनचे नाव आणि वर्ष त्यातच लिहा.

संध्याकाळचे काम

महाराष्ट्रावरचे आयनांबर सूर्यास्तानंतर खवळते. फेब्रुवारी ते एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत, त्यातही सूर्यावरचे डाग वाढलेल्या वर्षांत, संध्याकाळी ७ पासून मध्यरात्रीपर्यंत फिक्स वारंवार तुटतो. रब्बीच्या पेरणीत रात्रपाळी चालते तेव्हा हे नेमके आडवे येते. मोठ्या सौरवादळात तर दिवसाही असे होते. मे २०२४ मध्ये अमेरिकेत ऐन पेरणीत अनेक शेतकऱ्यांचे आरटीके त्यामुळे बंद पडले होते. यावर महागडे करेक्शन हा उपाय नाही. जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ आणि चीनची बायडू या चारही उपग्रहमाला चालू ठेवल्याने फिक्स थोडा टिकतो. सरी सोडणे आणि नळी गाडणे दिवसा उरकावे, रात्री रोटाव्हेटर किंवा नांगरट घ्यावी.

फिक्स मध्येच गेला तर ड्रायव्हरने अवजार उचलून ट्रॅक्टर जागेवर थांबवावा, दोन मिनिटे वाट पाहावी आणि करेक्शनचे वय (शेवटचे करेक्शन येऊन झालेला वेळ) किती सेकंद दाखवते ते बघावे. वय वाढत असेल तर रेंज किंवा रेडिओ तपासावा. वय १-२ सेकंदच आहे पण फिक्स येत नाही, तर अडचण आकाशात आहे, म्हणजे झाड तरी किंवा आयनांबर. ट्रिंबलच्या एक्सफिलसारख्या सोयी रेंज गेल्यावर सुमारे २० मिनिटे काम चालू ठेवतात, पण त्यांनाही दक्षिणेचे आकाश मोकळे लागते. फिक्स परत आल्यावर लगेच पुढे जाऊ नये. दहा मीटर मागे घ्यावे, आधीच्या सरीत चाक बरोबर बसते का ते पाहावे आणि मगच अवजार टेकवावे. 'ओळ सरकवा' हे बटण गगनवर खत फेकताना बिनधास्त वापरावे. आरटीकेवर आखलेल्या उसाच्या ओळीला ते कधीही दाबू नये, कारण एकदा सरकवलेली ओळ तशीच साठवली जाते आणि भर लावताना दाते थेट उसाच्या बुडख्यात जातात.